श्रावणातली दुपार आणि ग्रीकांची जत्रा

परदेशी मुलाबाळांकडे जाणाऱ्या वाचकांची पत्रे या सदराकडे नेहमीच येतात. या वेळी कोकणातून आलेली पाच पत्रे योगायोगाने एकाच विषयाभोवतीची निघाली, म्हणून हे पान ग्रीकांचे उत्सव आणि त्यांचे पदार्थ या एकाच विषयाला दिले आहे.

प्रश्न : येत्या ऑगस्टमध्ये मी आणि माझे यजमान टोरांटोला मुलीकडे जात आहोत. तिथे डॅनफर्थ नावाच्या रस्त्यावर ग्रीक लोकांचा खाद्यपदार्थांचा आणि नाचगाण्यांचा उत्सव भरतो आणि एक दुपार आपण तिथे घालवू, असे जावई म्हणतात. मी श्रावण पाळते. मासे, मटण, अंडे खात नाही आणि चातुर्मासात कांदा-लसूणही टाळते. यजमान मात्र मासे सोडणारे नाहीत. अशा ठिकाणी मी नुसतीच उभी राहणार का? (एक वाचक भगिनी, गुहागर)

उत्तर : नुसतेच उभे राहण्याची वेळ आपल्यावर येणार नाही, मात्र तिथेच पोटभर जेवण होईल असेही धरून चालू नये. घरून थोडेसे खाऊन निघावे, म्हणजे भुकेपोटी समोर येईल ते घेण्याची घाई होत नाही.

आधी एक गोष्ट सांगते, जी मला स्वतःला त्या रस्त्यावर उभी असतानाच कळली. ग्रीक ऑर्थोडॉक्स पंथात 1 ते 14 ऑगस्ट हा उपासाचा काळ असतो. 15 ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण येतो आणि त्याच्या आधीचा पंधरवडा श्रद्धाळू माणसे मांस, अंडी, दूध, दही, चीज सारे वर्ज्य करतात. मासेही चालत नाहीत. अपवाद 6 ऑगस्टच्या सणाचा. म्हणजे आपला श्रावण आणि त्यांचा हा पंधरवडा बहुतेक वर्षी एकमेकांना भेटतात. उपासाला चालणाऱ्या पदार्थाला ग्रीक भाषेत ‘निस्तीसिमो’ म्हणतात. हा एक शब्द आपण पाठ करून ठेवावा, कारण ‘व्हेजिटेरियन’ या शब्दापेक्षा तो आपल्या अधिक उपयोगी पडेल. ‘व्हेजिटेरियन’ म्हटले की तिथे अंडे आणि चीज चालते असे गृहीत धरतात. ‘निस्तीसिमो’मध्ये ती दोन्ही आपोआप गळतात. मात्र त्यांच्या नियमाप्रमाणे ज्यांना रक्त नाही असे मानले जाते ते जीव, म्हणजे कोळंबी, शिंपल्या, माकूल, अष्टपाद, उपासाला चालतात. तेव्हा ‘निस्तीसिमो आहे का?’ या प्रश्नाला जोडून ‘समुद्रातले काही आहे का?’ हेही विचारावे.

आता प्रत्यक्ष पदार्थ. द्राक्षवेलीच्या पानांत भात गुंडाळून केलेले ‘दोल्मादेस’ पाहिले की आपल्याला अळूवडीची किंवा हळदीच्या पानातल्या पातोळ्यांची आठवण येईल आणि हात पुढे जाईल. तिथे थांबावे. या पदार्थाचे दोन प्रकार असतात. एकात भाताबरोबर खिमा असतो आणि वरून बहुधा अंडे-लिंबाची दाट कढी घातलेली असते. दुसऱ्यात मांस नसते आणि त्याला ‘यालांजी’, म्हणजे मूळ तुर्की शब्दानुसार ‘खोटे’, असे म्हणतात. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी न विचारता एक उचलले आणि पहिल्या घासालाच खिमा लागला. त्या श्रावण पाळणाऱ्या असल्यामुळे त्यांना फार वाईट वाटले आणि त्यानंतरचा अर्धा तास त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. विक्रेत्याची त्यात काही चूक नव्हती. विचारले असते तर त्याने सांगितले असते. त्यातही बिनमांसाच्या प्रकारात कांदा असतोच, म्हणून आपल्या नियमाप्रमाणे तो बाजूलाच ठेवावा लागेल.

‘स्पानाकोपिता’ म्हणजे कागदासारख्या पातळ पारीत भरलेली पालकाची भाजी. पण तिच्यात फेटा चीज आणि बहुधा अंडे असते. फेटा हे मेंढीच्या दुधाचे चीज असून त्यात बकरीचे दूध तीस टक्क्यांपर्यंत चालते. पारंपरिक पद्धतीत दूध घट्ट करण्यासाठी कोकराच्या किंवा करडाच्या जठरातून काढलेले रेनेट वापरतात, हे आपल्याला माहीत असावे, कारण आपल्याकडच्या बऱ्याच घरांत याचा विचार केला जातो. ‘त्झात्झिकी’ म्हणजे घट्ट दह्यातली काकडीची कोशिंबीर, पण लसणाशिवाय ती होत नाही. तव्यावर चीजचा तुकडा तळून त्यावर मोठा जाळ करतात आणि भोवतालचे लोक ‘ओपा!’ म्हणून ओरडतात, ते दृश्य जरूर पाहावे; मात्र तो जाळ ब्रँडीचा असतो.

मग आपल्यासाठी उरते काय? पुष्कळ उरते. ‘लुकुमादेस’ हे मैद्याच्या आंबवलेल्या पिठाचे गोल गोळे तेलात तळून, मधात भिजवून, वर दालचिनीची पूड घालून देतात. त्यात सहसा अंडे नसते. फक्त त्याच तेलात दुसरे काही तळले आहे का, एवढे विचारावे. ‘पास्तेली’ ही तीळ आणि मध यांची वडी आहे. संक्रांतीच्या वडीशी तिचे नाते आपल्या जिभेला न सांगता कळेल. पातळ पाऱ्यांच्या थरांत अक्रोड घालून केलेला ‘बाकलावा’ आहे, ताजी फळे आहेत, कोळशावर भाजलेली कणसे दिसली तर तीही आहेत. रव्याचा ‘हलवास’ मिळाला तर तो सोडू नये. आपल्या शिऱ्याचा तो सख्खा भाऊ आहे, फक्त तुपाऐवजी तेलात केलेला, आणि पूर्णपणे ‘निस्तीसिमो’.

हे झाले खाण्याचे. परंतु आपल्या पत्रातल्या ‘नुसतीच उभी’ या शब्दांनी मला जास्त विचार करायला लावले. जत्रेत खाण्याखेरीज काय करायचे, हे कोकणातल्या माणसाला मुद्दाम शिकवावे लागू नये. ग्रीसमध्ये प्रत्येक गावाच्या संताची वार्षिक जत्रा असते, तिला ‘पानीयीरी’ म्हणतात. 15 ऑगस्टला अथेन्ससारखे मोठे शहर रिकामे होते आणि लोक आपापल्या गावी, आपापल्या बेटावर परततात, अगदी आपले चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात तसे. ज्यांना अटलांटिक ओलांडून परतता आले नाही, त्यांनी ही जत्रा शहराच्या रस्त्यावर मांडली. दुसरे महायुद्ध आणि त्यापाठोपाठ 1946 ते 1949 या काळातले यादवी युद्ध यांनी पोळलेल्या ग्रीसमधून 1950 आणि 1960 च्या दशकांत हजारो माणसे कॅनडात गेली आणि डॅनफर्थ त्यांची पेठ बनली. त्यापूर्वीचा इतिहास कडू आहे. याच टोरांटोत 1918 च्या ऑगस्टमध्ये जमावाने ग्रीकांची उपाहारगृहे फोडली होती. पुढे 1994 मध्ये हा उत्सव सुरू झाला आणि कालांतराने, तसाच ऑगस्ट महिना, त्याच शहरातला एक हमरस्ता गाड्यांना बंद करून ग्रीकांच्या जेवणासाठी आणि नाचासाठी दिला जाऊ लागला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, आणि ती माहीत असेल तर त्या गर्दीत उभे राहणेही नुसते राहत नाही.

म्हणून तिथे ग्रीस पाहायला आलो आहोत असे समजू नये. आपण ग्रीक चाकरमान्यांची जत्रा पाहत आहोत असे समजावे. जाळ केलेल्या चीजची ती पद्धत ग्रीसमधली नव्हे, ती शिकागोतल्या ग्रीक उपाहारगृहांतून सुरू झाली. गावाकडचे काय टिकले आणि परक्या शहरात काय बदलले, हे ओळखत चालणे हाच त्या दुपारचा खरा आनंद आहे. मुंबईतल्या मालवणी जत्रोत्सवात खाजे आणि कोंबडी-वडे खाताना गावच्या माणसाला जे जाणवते, तेच इथे उलट बाजूने जाणवते.

थोडे व्यवहाराचे. आपल्याकडे तेव्हा पागोळ्या गळत असतात. तिथे स्वच्छ, कडक ऊन असते, म्हणून टोपी आणि पाणी बरोबर घ्यावे. गाडीने जाऊ नये, भुयारी रेल्वेने चेस्टर किंवा पेप स्थानकावर उतरावे. बाराच्या सुमारास पोहोचल्यास रांगा लहान असतात. संध्याकाळनंतर पाय ठेवायला जागा नसते. लोगन रस्त्याच्या कोपऱ्यावर अलेक्झांडरचा पुतळा असलेला एक छोटा चौक आहे, चुकामूक झाल्यास तीच भेटण्याची जागा ठरवून ठेवावी. रस्त्यांच्या नावांच्या पाट्या तिथे इंग्रजीबरोबर ग्रीक लिपीतही आहेत, नातवंडांना त्या वाचून दाखवायला सांगावे. मोठ्या कंपन्यांचे जाहिरातीचे तंबू आणि इतर देशांच्या पदार्थांचे ठेलेही तिथे असतात. त्यांत वेळ घालवू नये.

आणखी एक. ग्रीक भाषेत ‘ने’ म्हणजे ‘हो’ आणि ‘ओही’ म्हणजे ‘नाही’. मराठी कानाला हे नेमके उलटे ऐकू येते. ‘यात मांस आहे का?’ या प्रश्नावर एखाद्या आजीबाईंनी ‘ने’ म्हटले, तर तो पदार्थ खाली ठेवावा.

प्रश्न : माझा मुलगा मेलबर्नला असतो. तिथल्या ग्रीक उत्सवात निखाऱ्यावर भाजलेले ऑक्टोपस आणि तळलेली माकुले खाल्ल्याचे फोटो त्याने पाठवले. आम्ही पिढ्यान् पिढ्या माकुले खातो, पण ऑक्टोपस आमच्या घरात कधी शिजला नाही. तो कसा करतात, आणि आम्ही गेल्यावर काय खावे? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : ऑक्टोपसला ग्रीक भाषेत ‘ख्तापोदी’ म्हणतात. त्याचे जुने रूप ‘ऑक्तापोदी’, म्हणजे अक्षरशः ‘अष्टपाद’. त्यातला ‘ऑक्तो’ हा आपला ‘अष्ट’ आणि ‘पोद’ हा आपला ‘पाद’, एकाच मुळातून आलेले. ग्रीक बेटांवरचे कोळी ताजा अष्टपाद खडकावर पुन्हा पुन्हा आपटून मऊ करतात आणि मग दोरीवर उन्हात टांगतात. आपल्या किनाऱ्यावर बोंबील वाळताना पाहिलेल्या माणसाला ते दृश्य अनोळखी वाटणार नाही, फक्त तिथे तो कडक होईपर्यंत वाळवत नाहीत. अंगचे पाणी उतरले की पुरे. मग कोळशावर भाजून वर लिंबू किंवा व्हिनेगर, ऑलिव्हचे तेल आणि ओरेगानो. घरी करताना तो झाकणाच्या भांड्यात पाणी न घालता मंद आचेवर ठेवतात. स्वतःच्याच सुटलेल्या पाण्यात तो शिजतो.

माकुलाचे गणित आपल्याला ठाऊक आहेच: एक तर मोठ्या आचेवर झटपट, नाही तर मंद आचेवर बराच वेळ, मधल्या वेळेत ते रबरासारखे होते. ग्रीक लोक त्याच्या चकत्या नुसत्या पिठात घोळवून तळतात आणि लिंबाबरोबर देतात. मसाला नाही, कोकम नाही, ओले खोबरे तर नाहीच. आपल्याला ते फिके लागेल. उत्सवाच्या गर्दीत तळणीच्या चकत्या बहुधा गोठवलेल्या मालाच्या असतात, म्हणून माझे स्पष्ट मत असे की माकुले वेंगुर्ल्यातच खावीत आणि तिथे अष्टपादच मागावा. निखाऱ्यावर भाजलेली तारली दिसली, तर तिलाही नाही म्हणू नये. डुकराच्या किंवा कोंबडीच्या मांसाचे तुकडे सळईवर भाजलेले ‘सुवलाकी’ आणि उभ्या फिरत्या सळईवरून कापून दिलेला ‘यीरोस’ सगळीकडेच मिळतात. यीरोसमध्ये कोणते मांस आहे ते विचारून घ्यावे, कारण ते ठिकाणाप्रमाणे बदलते.

प्रश्न : अशा उत्सवात रस्त्यावरच लोक हात धरून नाचतात आणि पाहुण्यांनाही ओढून घेतात, असे माझी भाची सांगते. मी निवृत्त शिक्षिका आहे, तरुणपणी मंगळागौरीचे खेळ खेळले आहेत. मी त्यात गेले तर चालेल का, की ते अनुचित दिसेल? (एक वाचक भगिनी, चिपळूण)

उत्तर : जरूर जावे, फक्त कुठे शिरायचे ते माहीत असावे. ग्रीक नाचाची साखळी बहुधा उजवीकडे सरकते आणि उजव्या टोकाची व्यक्ती ती चालवते. तिच्या हातात पुष्कळदा रुमाल असतो. तो मान तिचा. नवख्याने नेहमी मागच्या, म्हणजे डाव्या टोकाला जाऊन जोडून घ्यावे. मधल्या दोघांचे हात सोडवून घुसणे असभ्य समजतात. आपल्या जाखडीत गाणारे मधोमध बसतात आणि नाचणारे भोवती फेर धरतात. इथला फेर पूर्ण मिटलेला नसतो, त्याला आरंभ आणि शेवट असतो.

सर्वांत जास्त दिसणारा नाच म्हणजे ‘कालामात्यानोस’. त्याची पावले बारा आणि ताल सात मात्रांचा, तीन-दोन-दोन असा विभागलेला. आपण गाणे शिकला असाल तर लगेच ओळखाल, की हे विभाग आपल्या रूपकाचेच आहेत. मी त्या रस्त्यावर कडेला उभी राहून बोटांवर मात्रा मोजत होते, आणि सात मोजून पुन्हा पहिल्या मात्रेवर येताना पाऊलही तिथेच पडलेले पाहून मला जो आनंद झाला, तो मी विसरणार नाही. त्यानंतर मी टोकाला जाऊन उभी राहिले. माझा हात धरणाऱ्या वृद्ध बाईंना इंग्रजी फारसे येत नव्हते. त्यांनी नुसत्या हाताच्या ओढीने मला पाऊल कधी मागे घ्यायचे ते शिकवले. तिसऱ्या फेरीपर्यंत मला ते जमू लागले होते.

एका नाचात मात्र शिरू नये. ‘झेइबेकिको’ हा नऊ मात्रांचा, एकट्याने करायचा, जड पावलांचा नाच आहे. तो नाचणारा आपले दुःख नाचत असतो असे तिथे मानतात. सोबती भोवती गुडघे टेकून टाळ्यांनी ताल देतात आणि मध्ये कोणी जात नाही. आपणही कडेने टाळ्या द्याव्यात. जगभर प्रसिद्ध असलेला, हळू सुरू होऊन वेगवान होत जाणारा ‘सिर्ताकी’ फार प्राचीन असेल असे पाहणाऱ्याला वाटते. वास्तविक तो 1964 च्या एका चित्रपटासाठी जुन्या नाचांतून रचलेला आहे. ताटल्या फोडण्याची जी प्रथा ऐकिवात असते, ती आता जवळजवळ नाहीशी झाली असून तिच्या जागी फुले उधळतात.

प्रश्न : ग्रीक लोकांचा आपल्या किनाऱ्याशी काही जुना संबंध होता का? नातवाला तिथल्या उत्सवात घेऊन जाताना काही सांगता यावे, म्हणून विचारतो. (एक वाचक, रेवदंडा)

उत्तर : आपल्या घराजवळच त्याचा पुरावा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारी एक पुस्तिका लिहिली. ती ‘पेरिप्लस’ म्हणून ओळखली जाते. तिच्यात ‘सेमुल्ला’ असे जे बंदर येते, ते आपले चौल. ‘कल्लिएना’ म्हणजे कल्याण. तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्याखाली भडोचला नेली जात, अशीही नोंद तिच्यात आहे. म्हणजे या किनाऱ्यावरच्या बंदरांची आपापसांतली चुरस तेव्हाही होती. त्यापुढे दक्षिणेकडे जाताना मंदागोरा, पालाइपात्माइ, मेलिझेगारा, बिझांतिओन अशी नावे येतात. ती नेमकी आजची कोणती बंदरे, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून नातवाला चौल आणि कल्याण एवढेच खात्रीने सांगावे.

घाटावर कार्ल्याच्या चैत्यगृहात जे खांब आहेत, त्यांपैकी काही धेनुकाकट इथल्या यवनांनी दान दिल्याचे लेख त्यांवरच कोरलेले आहेत. ‘यवन’ हा शब्दच ‘इओनिया’ या ग्रीक प्रदेशाच्या नावावरून आला. आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘केंद्र’, पंचांगातली ‘होरा’ आणि बाजारातला ‘दाम’ हे तिन्ही शब्द मूळ ग्रीक: केंत्रोन, होरा, द्राख्मे. नातवाने हे तीन शब्द एखाद्या ग्रीक आजोबांना सांगून पाहावेत. माझ्या भाच्याने ‘दाम’ची गोष्ट एका मधविक्रेत्याला सांगितली, तेव्हा त्याने आपल्या मुलाला हाक मारून ती पुन्हा सांगायला लावली.

प्रश्न : आमच्या महिला मंडळाला दापोलीत ग्रीक पदार्थांची एक दुपार करायची आहे. इथे मिळणाऱ्या वस्तूंत काय जमेल? (एक वाचक भगिनी, दापोली)

उत्तर : दोन पदार्थ निर्वेध जमतील. त्झात्झिकीसाठी श्रीखंडाचा चक्का घ्यावा, मात्र कमी आंबट. काकडी किसून, मीठ लावून, घट्ट पिळून घ्यावी, नाही तर सगळे पाणी होते. त्यात ठेचलेला लसूण, थोडे व्हिनेगर, ऑलिव्हचे तेल आणि बारीक चिरलेला शेपू घालावा. शेपू तिथेही तोच वापरतात. साखर, दाण्याचे कूट आणि फोडणी यांना हात लावू नये.

दुसरा रव्याचा हलवास. त्याचे प्रमाण ग्रीक घरांत तोंडपाठ असते: एक वाटी तेल, दोन वाट्या रवा, तीन वाट्या साखर, चार वाट्या पाणी. साखर-पाण्यात दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा आणि लिंबाची साल घालून उकळून ठेवावे. तेलात जाड रवा बदामी रंगावर भाजावा आणि त्यावर गरम पाक बेताबेताने ओतावा. तो जोराने उसळतो, म्हणून मुलांना लांब ठेवावे. कडा सुटेपर्यंत ढवळून खोलगट भांड्यात थापावा, पूर्ण निवला की ताटात उपडा करावा, वर दालचिनीची पूड भुरभुरावी. तिथे बदाम घालतात. दापोलीत काजू घालावेत.